स्मशानातला राजा आणि अंतराळातला राक्षस

भारतीय कथापटाचा जन्म स्मशानात झाला, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरू नये. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. गोष्ट सगळ्यांच्या परिचयाची. दिलेल्या शब्दापायी राज्य जाते, बायको आणि मुलगा विकले जातात आणि राजा स्वतः डोंबाचा चाकर होऊन मसणवटीत प्रेतांमागे कर गोळा करू लागतो. एका रात्री साप चावून मेलेले लेकरू उचलून एक बाई येते. ती आपली तारामती आहे हे राजाला आधी कळत नाही. कळते, तेव्हाही कर मागण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

पुढे एकोणीस वर्षांनी मराठी चित्रपट बोलू लागला. १९३२ साली कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने पहिला मराठी बोलपट काढला, ‘अयोध्येचा राजा’. तोही हरिश्चंद्राचाच. मुका असताना पहिली गोष्ट हरिश्चंद्राची आणि वाचा फुटल्यावर मराठीतली पहिली गोष्ट पुन्हा त्याचीच. पौराणिक कथानकाला प्रेक्षक हमखास मिळत, हे त्याचे व्यावहारिक कारण आहेच. तरीही या कथेत असे काय आहे, हा प्रश्न उरतो. मुकुट, नाव, घर, माणसे अशी एकेक गोष्ट काढून घेतल्यावर माणूस म्हणून काय शिल्लक राहते, हे ती कथा पाहते. आणि हे सारे भोग कोणी लिहिले, असेही विचारते.

विज्ञानपट म्हटला की याने, यंत्रे आणि लखलखते दिवे डोळ्यांपुढे येतात. परंतु या प्रकारातले जे चित्रपट टिकून राहिले, त्यांच्या गाभ्याशी हेच दोन प्रश्न आहेत: मी कोण, आणि माझे विधिलिखित कोणाच्या हातचे? हरिश्चंद्राच्या स्मशानापासून नागपूरच्या एका दिग्दर्शिकेच्या अंतराळयानापर्यंत या प्रश्नांचा प्रवास कसा झाला, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

कपाळावरचे अक्षर

आपल्याकडे मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, असे मानतात. तिच्यासाठी पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची चाल आहे. तिचे अक्षर कोणाला वाचता येत नाही आणि खोडताही येत नाही. म्हणूनच आपल्या शोकांत कथांत नशिबाशी भांडण फारसे होत नाही. भांडण होते ते ओळखीवरून. कर्णाची शोकांतिका यामुळेच मराठी मनाला इतकी जवळची वाटते. पेटीत घालून नदीत सोडलेले मूल परक्या घरी वाढते. आपण कोण हे त्याला कळते, तेव्हा ते कळण्याचा उपयोग संपलेला असतो.

विज्ञानकथेने या जुन्या मांडणीत एक मोठा बदल केला. तिने सटवाईच्या जागी माणूस बसवला. १८१८ साली मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी आली. तिच्यातला शास्त्रज्ञ एक जीव घडवतो आणि त्याचे रूप पाहून पळ काढतो. त्या जीवाला तो नावही देत नाही. १९३१ साली या कादंबरीवर निघालेल्या प्रसिद्ध चित्रपटाच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्या जीवाची भूमिका करणाऱ्या नटाच्या नावाऐवजी फक्त प्रश्नचिन्ह छापले होते. पडद्यावरच्या विज्ञानकथेतली ओळखीची समस्या त्या एका चिन्हात मावली आहे.

१९२० साली चेक लेखक कारेल चापेक यांनी आपल्या नाटकातून ‘रोबोट’ हा शब्द जगाला दिला. ज्या चेक शब्दापासून तो आला, त्याचा अर्थ वेठ असा आहे. म्हणजे रोबोट हा मुळात वेठबिगार. आपल्या गावगाड्यात वेठ काय असते, हे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी भोगले आहे, त्यांना हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तीन चित्रपट

या परंपरेतले तीन चित्रपट मला विशेष महत्त्वाचे वाटतात.

पहिला क्रिस मार्कर यांचा ‘ला जेते’, १९६२ सालचा, अवघ्या २८ मिनिटांचा. तो जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांतून सांगितला आहे. नायकाने लहानपणी विमानतळावर एका माणसाला मरताना पाहिलेले असते आणि ते दृश्य त्याची पाठ सोडत नाही. महायुद्धानंतरच्या उद्ध्वस्त जगातले शास्त्रज्ञ त्याला भूतकाळात पाठवतात. शेवटी तो त्याच विमानतळावर पोहोचतो आणि लहानपणी पाहिलेले मरण आपलेच होते, हे त्याला कळते. भविष्य टाळायला निघालेला माणूस भविष्याच्याच दारात जाऊन उभा राहतो, हे ग्रीक शोकांतिकेचे सूत्र कालप्रवासाला किती चपखल बसते, हे या छोट्या चित्रपटाने दाखवले.

दुसरा १९७२ सालचा, आंद्रेई तारकोव्हस्की यांचा ‘सोलारिस’. एका ग्रहावरचा गूढ सागर अंतराळवीराच्या आठवणीतून त्याची मृत पत्नी हारी पुन्हा निर्माण करतो. ती रडते, प्रेम करते, आणि हळूहळू तिच्या ध्यानात येते की आपण ती मूळ बाई नाही. आपल्याजवळ ज्या आठवणी आहेत, त्या दुसऱ्याच्या मनातल्या आपल्याविषयीच्या आहेत. ती मरू पाहते, तर पुन्हा जिवंत होते. दुसऱ्याच्या आठवणीपुरतेच आयुष्य वाट्याला येणे, याहून क्रूर विधिलिखित कोणते असेल?

तिसरा रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’, १९८२ सालचा. त्यातले कृत्रिम मानव एका कंपनीने घडवले आहेत आणि त्यांना चारच वर्षांचे आयुष्य नेमून दिले आहे. रेचेल नावाच्या तरुणीला आपण माणूस आहोत असे वाटते, पण तिचे बालपण मालकाच्या पुतणीकडून उसने घेतलेले असते. कृत्रिम मानवांचा म्होरक्या आपल्या निर्मात्यापुढे उभा राहतो आणि आयुष्य वाढवून मागतो. ते मिळत नाही, तेव्हा तो निर्मात्याला ठार करतो. पण अखेरच्या घटकेला, आपल्याला मारायला आलेल्या माणसाचा जीव मात्र तो वाचवतो. सटवाईला गाठून जाब विचारण्याची सोय हरिश्चंद्राला किंवा कर्णाला नव्हती. इथे ती आहे, आणि उत्तरही मिळते. उत्तर असे की लिहिणाऱ्यालाही खोडता येत नाही.

मराठीत काय झाले

मराठी विज्ञानकथेचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ या मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाच्या कादंबरीचा अनुवाद येऊ लागला. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी ‘मासिक मनोरंजन’मध्ये श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही स्वतंत्र कथा आली. पुढे भा. रा. भागवत, द. पां. खांबेटे, नारायण धारप यांच्यापासून बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्यापर्यंत मोठी फळी उभी राहिली.

या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग ओळख लपवण्याचा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव धारण करणारे गृहस्थ म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते बनवले होते. नावाच्या वजनाने बक्षीस मिळू नये, कथा कथा म्हणून वाचली जावी, हा हेतू. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी त्यांच्या विज्ञानकथेची आवर्जून दखल घेतली. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

नारळीकरांच्या कथांवर विज्ञान सोपे करून सांगणाऱ्या गोष्टी असा शिक्का बसला आहे. मला तो अपुरा वाटतो. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा पाहावी. १४ जानेवारी १७६१ हा मराठी मनाच्या शोकांतिकेचा दिवस. विश्वासरावांना गोळी लागली आणि सारे फिरले, हे आपण सटवाईचे अक्षर असल्यासारखे सांगत आलो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात जाऊन पडतात, जिथे ती गोळी विश्वासरावांना चाटून गेली आणि मराठे जिंकले. वाचकाला वाटते, आता आनंदीआनंद. पण पंत मुंबईत आपल्या मुलाच्या कचेरीत चौकशी करतात, तर त्या नावाचा माणूस तिथे नाहीच. इतिहासाचे दुःख पुसले गेले आणि त्याबरोबर बापाचे लेकरूही पुसले गेले. माझ्या मते ही मराठीतली फार खोल जागा आहे. आपल्या दुःखांनीच आपल्याला घडवले असेल, तर दुःख खोडताना आपण स्वतःलाच खोडत नाही ना? हे दृश्य मोठ्या पडद्यासाठीच जन्मलेले आहे, आणि त्याला कोट्यवधींचे देखावेही लागत नाहीत. एक कचेरी, एक टेबल, एक गोंधळलेला म्हातारा, एवढे पुरे.

तरीही मराठी पडद्यावर विज्ञानकथा क्वचितच आली. पैसा कमी आणि बाजार लहान, हे नेहमीचे कारण खरे आहे. दुसरे कारण असे की आपली चमत्कृतीची भूक पौराणिक चित्रपटांनी आधीच भागवली होती. खरे तर फाळक्यांची पहिली धडपड विज्ञानाच्या अंगाने जाणारी होती. ‘हरिश्चंद्रा’च्या आधी, १९१२ साली, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीचे थोडे थोडे चित्रण रोज करून छोटा चित्रपट तयार केला होता. पण कॅमेऱ्याच्या त्या करामती पुढे देवादिकांच्या कामी आल्या. २०१६ साली सुजय डहाके यांच्या ‘फुंतरू’त महाविद्यालयातला एक तरुण आवडत्या मुलीची होलोग्राम प्रतिमा तयार करतो. ‘सोलारिस’मधल्या हारीचा प्रश्न मराठी महाविद्यालयाच्या आवारात आणण्याची ही धडपड लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुष्पक ६३४ ए

आणि मग येतो ‘कार्गो’. दिग्दर्शिका आरती कडव मूळच्या नागपूरच्या, शिक्षणाने संगणक अभियंत्या. चित्रपट हिंदी आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो मुंबईच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि पुढल्या वर्षी नेटफ्लिक्सवर आला. ‘ब्लेड रनर’ची कथा नोव्हेंबर २०१९ मध्ये घडते. ते कल्पित वर्ष प्रत्यक्षात उजाडले, तेव्हा आपल्याकडून त्याला हे उत्तर गेले.

‘पुष्पक ६३४ ए’ नावाचे यान अंतराळात फिरते आहे. त्यात प्रहस्त नावाचा राक्षस अनेक वर्षे एकटा नोकरी करतो. प्रहस्त हे रामायणात रावणाच्या सेनापतीचे नाव. राक्षसांचा आणि माणसांचा तह झाला आहे, आणि मेलेल्या माणसांची पुढची व्यवस्था हे राक्षसांचे सरकारी काम झाले आहे. मेलेला माणूस यानात येतो. त्याच्या जवळच्या वस्तू काढून घेतात, जखमा बऱ्या करतात, आठवणी पुसतात आणि त्याला नव्या जन्माला धाडतात. त्याला तिथे नावाने ओळखत नाहीत. त्याला म्हणतात ‘कार्गो’, म्हणजे माल. प्रहस्ताच्या हाताखाली युविष्का ही नवी मुलगी येते, आणि तिच्यामुळे या रुक्ष नोकरीला पहिल्यांदा तडा जातो.

विक्रांत मेस्सी यांचा प्रहस्त पाहताना मला सारखा हरिश्चंद्र आठवत होता. तोही मरणाच्या नाक्यावर बसलेला चाकर, नियमाने बांधलेला आणि स्वतःचे माणूस हरवलेला. यात एक सुंदर योगही आहे. पृथ्वीवरून प्रहस्ताशी बोलणारे वरिष्ठ अधिकारी झाले आहेत नंदू माधव. याच नटाने २००९ च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मध्ये दादासाहेब फाळके उभे केले होते. म्हणजे पहिला हरिश्चंद्र घडवणारा माणूसच जणू शंभर वर्षांनी या नव्या हरिश्चंद्राला वरून सूचना देतो आहे. हे ठरवून झाले असेल वा नसेल, पाहणाऱ्याला मात्र दोन्ही टोके जुळलेली दिसतात.

‘कार्गो’तली शोकांतिका आरडाओरड करीत नाही. मेलेली माणसे घाईत असतात, कोणाला घरी एक फोन करायचा असतो. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले जाते आणि यंत्राची कळ दाबली जाते. विधिलिखित इथे कपाळावर नाही, कंपनीच्या पेढीतही नाही. ते नोंदवहीत आहे.

नोंदवहीतले मरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला ही नोंदवही परकी वाटत नाही. आमच्याकडे शेतकऱ्याने जीव दिला की प्रकरण जिल्हा समितीपुढे जाते आणि त्यावर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडतो. २००६ पासून पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत आहे. जमीन कोणाच्या नावे, कर्ज मान्यताप्राप्त ठिकाणचे की नाही, त्याच्या वसुलीचा तगादा होता की नाही, हे पाहिले जाते. बटईने शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. जन्मभर निंदण-खुरपण करणाऱ्या बाईचे बहुधा नसते. मग शेतकरी म्हणून जगलेला माणूस मेल्यावर कागदावर शेतकरी राहत नाही. यानातल्या यंत्राने आठवणी पुसाव्यात, तशी शेवटच्या रकान्यात त्याची ओळख पुसली जाते.

कागदाने ओळख बदलण्याचा अनुभव या मुलखाला जुना आहे. उमरखेड पैनगंगेच्या अलीकडचे, वऱ्हाडातले गाव. नदीपलीकडे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य. उमरखेडात १९४० साली जन्मलेला माणूस मध्यप्रांत-वऱ्हाडचा, १९५० पासून मध्य प्रदेशचा, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्याचा आणि १९६० पासून महाराष्ट्राचा झाला. वीस वर्षांत चार ओळखी, आणि त्याचे अंगण जिथल्या तिथे. त्याचे विधिलिखित दूर कुठेतरी लिहिले जात होते. लिहिणारी माणसेच होती.

विज्ञानपटाचे मोल मला इथे दिसते. सटवाईचे अक्षर म्हणून जे आपण मुकाट सोसतो, ते कोणीतरी लिहिलेले आहे, हे तो दाखवतो. लिहिणारा कधी शास्त्रज्ञ असतो, कधी कंपनी, कधी टेबलामागचा नेमस्त नोकर. लिहिणाऱ्याला गाठले म्हणून दरवेळी आयुष्य वाढत नाही, हे ‘ब्लेड रनर’ने सांगितलेच आहे. पण माल म्हणून आलेल्याचे नाव कोणी विचारले, तर नोंद करणाराही पूर्वीसारखा राहत नाही, हे ‘कार्गो’ सांगतो. अपात्र ठरलेल्या माणसांची नावे विचारणारा चित्रपट वऱ्हाडातून निघायचा आहे. त्याला अंतराळयान लागेलच असे नाही. फाइलींचे एक कपाट आणि त्यातले एक नाव मोठ्याने वाचणारा माणूस, एवढ्यावरही तो उभा राहू शकेल.