संमतिवयाचा वाद आणि बालसंरक्षणाचे लोकशिक्षण

बालकांवरील लैंगिक अत्याचारांचा प्रतिबंध हा विषय अलीकडे शाळाशाळांतून शिकविला जाऊ लागल्याने तो सर्वस्वी नवा आहे अशी समजूत रूढ होऊ पाहते. वस्तुतः कायद्याच्या अंगाने त्याचा विचार आपल्याकडे दीड शतकाहून अधिक काळ चालू आहे. मात्र कायदा आणि त्याचे लोकशिक्षण यांच्यातील अंतर या काळात फारच थोडे कमी झाले. प्रस्तुत टिपणाचा रोख या अंतराकडे आहे.

१८६० च्या दंडसंहितेने मुलीच्या संमतीचे वय दहा वर्षे ठरविले होते. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची विवाहिता पतीच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू पावली. तिने दहावे वर्ष ओलांडले असल्याने पतीवर बलात्काराचा आरोप टिकू शकला नाही. किरकोळ कलमाखाली एक वर्षाच्या सक्तमजुरीवर प्रकरण मिटले. या घटनेने बेहरामजी मलबारी यांनी आधीच उभारलेल्या चळवळीला बळ मिळाले आणि १९ मार्च १८९१ रोजी संमतिवय बारा वर्षांवर नेणारा कायदा संमत झाला.

त्या वेळचा पुण्यातील वाद आपल्या परिचयाचा आहे. लोकमान्य टिळकांचा आक्षेप मुख्यत्वे परकीय सरकारच्या हस्तक्षेपास होता. सुधारणा समाजातूनच उमलावी, असे ते म्हणत. आगरकरांचा ‘सुधारक’ विधेयकाच्या बाजूने उभा राहिला, तर डॉ. रा. गो. भांडारकरांनी गर्भाधानविषयक शास्त्रवचनांचा अर्थ लावून कायदा धर्मविरोधी नसल्याचे दाखविले. या वादाचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. तथापि त्यात शास्त्र होते, सरकार होते, स्वाभिमान होता. ज्या मुलीविषयी तो चालला होता तिला काय सांगावे आणि तिने कोणाला सांगावे, हा प्रश्न मात्र बहुधा कोणाच्याच मनात आला नसावा.

पुढे मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (१९२८–२९) देशभर साक्षी घेतल्या. १९२५ च्या दुरुस्तीने वय विवाहात तेरा व विवाहाबाहेर चौदा झाले होते; समितीने ते अनुक्रमे पंधरा व अठरा करण्याची शिफारस केली. समितीला आढळलेली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. असा काही कायदा आहे हेच सामान्य लोकांना माहीत नव्हते. घराच्या आत घडणारा गुन्हा उजेडात येत नव्हता.

लैंगिक ज्ञान मराठीतून लोकांपर्यंत नेण्याचे काम त्याच सुमारास र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७–१९५३) मधून आरंभिले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी शिक्षा टळली नाही. ज्ञान आणि अश्लीलता यांची ही गल्लत पुढेही सुटली नाही. २००७ मध्ये केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र व गोवा धरून तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांपैकी ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार अनुभवल्याचे सांगितले. अत्याचारी व्यक्ती पुष्कळदा ओळखीची, विश्वासातली होती आणि बहुसंख्य बालकांनी ते कोणाजवळही बोलून दाखविले नव्हते. नेमक्या त्याच वर्षी महाराष्ट्रात विधिमंडळातील विरोधामुळे शाळांतील लैंगिक शिक्षण थांबविण्यात आले! योगायोग म्हणून हे सोडून देणे अभ्यासकाला परवडणारे नाही.

गोव्याने २००३ च्या बालक अधिनियमात छायाचित्रे धुणाऱ्यांपासून हॉटेलचालकांपर्यंत अनेकांवर दक्षतेचे दायित्व टाकले होते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते सर्वांवर टाकले. अठरा वर्षांखालील प्रत्येक बालक, मुलगा असो वा मुलगी, त्याच्या कक्षेत आले. कलम १९ ने गुन्ह्याची माहिती पोलिसांना कळविणे बंधनकारक केले आणि कलम ४३ ने कायद्याच्या प्रसाराची जबाबदारी शासनावर ठेवली. २०२० च्या नियमांनी बालकांसाठी वयानुरूप शिक्षणसाहित्य तयार करण्यास सांगितले. १८९१ मध्ये ज्याच्याशी कोणी बोलत नव्हते ते बालक येथे प्रथमच विद्यार्थी म्हणून कायद्यासमोर आले. तरीही २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत शिशुवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, तेव्हा पोलिसांना न कळविल्याबद्दल शाळेच्या चालकांवर गुन्हा नोंदविला गेला.