विद्यार्थ्याची खोली आणि चौक

वसईच्या किल्ल्यांत शिरल्यावर प्रवाशाचें लक्ष प्रथम चर्चच्या उंच दर्शनी भिंतींकडे जातें. त्या भिंतींना लागून असलेले उघडे चौक मात्र तो बहुधा न पाहतांच पुढें जातो. आज श्रोत्यांनीं त्या चौकांत क्षणभर थांबावें, अशी माझी विनंति आहे. विद्यार्थ्यानें कोठें व कसें राहावें, या प्रश्नाचें एक जुनें उत्तर तेथें दगडांत उभें आहे.

परंतु त्याहूनही जुनें उत्तर खाडीच्या दक्षिणेस, कान्हेरीच्या डोंगरांत सांपडतें. आजचें नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. त्या बंदराचें नांव कान्हेरीच्या शिलालेखांतही येतें. तेथें १०० हून अधिक लेणीं आहेत आणि त्यांतील बहुतेक राहण्याकरितां कोरलेलीं आहेत. चार पायऱ्या, लहानशी ओसरी, आंत खोली, निजावयास दगडी ओटा आणि बाजूस पावसाचें पाणी सांठविणारी पोढी, एवढाच भिक्षूचा संसार. एका विस्तीर्ण लेण्यांत मात्र दोन लांबलचक, बुटके दगडी बांक आहेत. भोजनास किंवा पठणास सर्वजण तेथें एकत्र बसत असावेत. नवव्या शतकांतील एका लेखांत तर ग्रंथांसाठीं दिलेल्या देणगीची नोंद आहे. चिंतनास एकांत आणि चर्चेस सहवास, या दोन्ही गरजा त्या अनामिक पाथरवटांनीं ओळखल्या होत्या.

१५३४ च्या तहानें गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्यामागून फ्रान्सिस्कन व जेझुइट पंथांचे धर्मगुरु आले आणि त्यांनीं यूरोपांतील मठांचा आराखडा येथें आणला. चर्चच्या कुशींत चौकोनी अंगण, त्याभोंवतीं कमानदार पडवी आणि पडवीकडे तोंड केलेल्या खोल्या, असा तो आराखडा. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील महाविद्यालयेंही चौकाभोंवतींच वाढलीं. कोंकणच्या हवेस तर ही रचना विशेष मानवणारी होती. चौकांतून उजेड व वारा येई, आणि आषाढांतही पडवीवरून कोरड्या पायांनीं फिरतां येई. जेझुइटांच्या हाताखालीं वसईंत वाढलेला गोन्सालो गार्सिया हा १५९७ मध्यें जपानांत नागासाकी येथें क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्यें त्यास संतपद मिळालें.

या कथेस दुसरी बाजूही आहे. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्याचें फ्रान्सिस्कनांनीं चर्च केलें आणि त्याच्या माथ्यावर मुलांसाठीं विद्यालय बांधलें. एकाचें देवालय बंद करून दुसऱ्याची शाळा उघडली गेली. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली आणि या चौकांतील विद्यार्थ्यांचा वावर संपला. कमानी कितीही सुंदर असल्या, तरी त्यांखालून आंत कोणास येतां येतें, हा प्रश्न उरतोच. कान्हेरीची खोली भिक्षूची होती, वसईची धर्मगुरूंच्या शिष्याची. इतरांस त्या घरांत जागा नव्हती.

हें दार रुंद करण्याचें कार्य पुढें देशावर झालें. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं करविलीं. साताऱ्यास भाऊराव पाटील यांनीं १९२४ मध्यें एक पाऊल पुढें टाकलें व सर्व जातींच्या मुलांस एकाच छपराखालीं ठेवलें; १९२७ मध्यें गांधीजींच्या हस्तें त्या वसतिगृहास शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें. त्या घरांत शिल्पकलेचें नवल कांहींच नव्हतें. कमान नवी नव्हती. पंगत नवी होती.

आज वसई-विरारचीं कित्येक मुलें लोकलच्या गर्दींत उभीं राहून मुंबईच्या महाविद्यालयांत जातात. त्यांच्यासाठीं वा इतरांसाठीं वसतिगृह बांधावयाचें ठरलें, कीं जागेच्या टंचाईमुळें पहिला प्रश्न निघतो तो खाटा किती मावतील, हा. तो अनाठायीं नाहीं. परंतु त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारले जावेत: एकट्यानें वाचावयास कोपरा कोठें आहे, आणि निरनिराळ्या घरांतून आलेलीं मुलें एकमेकांस भेटतील तो चौक कोठें आहे? पहिल्याचें उत्तर कान्हेरीच्या खोलींत आहे. दुसऱ्यासाठीं वसईचा चौक आणि साताऱ्याची पंगत एकाच अंगणांत आणावी लागेल.