बोललेल्या शब्दाची टाइपरायटरशी सोयरीक

कृतिदेव फाँटमध्ये 'मराठी' लिहायचं तर बोटं ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच या कळांवर पडतात. संगणकाच्या पोटात साठतात ती हीच पाच इंग्रजी अक्षरं. फाँट त्यांच्यावर देवनागरीचा अंगरखा चढवतो, एवढंच. इंदुरात कोर्टाबाहेरचे टाइपिंगवाले, छापखाने आणि वकिलांच्या जुन्या फायली यांत हा अंगरखा अजून उतरलेला नाही. मोबाइलवर बोलून अचूक उमटलेला परिच्छेद अशा दुकानातल्या जुन्या पेजमेकरमध्ये चिकटवला, की प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. यंत्राने ऐकलेलं बरोबर असतं. पुढच्याला ते घेता येत नाही. बोलून लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचं घराणं पाहिलं तर त्याचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडलंय.

या घराण्याचे मूळ पुरुष म्हणजे जेम्स आणि जॅनेट बेकर हे अमेरिकन जोडपं (एक मूळ पुरुष बाई आहेत, तेवढं चालवून घ्या). त्यांनी 1982 मध्ये ड्रॅगन सिस्टिम्स काढली. 1990 मध्ये आलेल्या ड्रॅगन डिक्टेटची किंमत होती 9,000 डॉलर, आणि एवढे पैसे मोजूनही प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागे. न थांबता बोलायची सोय झाली 1997 मध्ये, ड्रॅगन नॅचरली स्पीकिंग आणि आयबीएमचं व्हायाव्हॉइस आल्यावर. पुढे ड्रॅगनचं नशीब फिरलं: 2000 मध्ये एका बेल्जियन कंपनीने ती घेतली, ती कंपनी हिशेबातल्या घोटाळ्यात बुडाली, तंत्रज्ञान स्कॅनसॉफ्टकडे गेलं. स्कॅनसॉफ्टची 2005 मध्ये न्युआन्स झाली, आणि 2022 मध्ये न्युआन्स मायक्रोसॉफ्टच्या घरात गेली. आपल्याकडे पुण्याच्या सीडॅकने आयबीएमला सोबत घेऊन हिंदीसाठी 'श्रुतलेखन-राजभाषा' केलं. ते विंडोज एक्सपीच्या जमान्यातलं.

एक्सपीनंतर मात्र या सगळ्यांची पंचाईत झाली. श्रुतलेखनाचं सॉफ्टवेअर मशीनमध्ये फार खोल गुंतलेलं असतं. खालून त्याला माइक आणि साउंड कार्ड लागतं, वरून दुसऱ्याच प्रोग्रामच्या खिडकीत जाऊन लिहावं लागतं. 2007 मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाने ही दोन्ही टोकं हलवली. आवाजाची व्यवस्था मुळापासून बदलली. शिवाय सुरक्षेसाठी असा नियम आला, की साध्या अधिकारात चालणाऱ्या प्रोग्रामने अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारात उघडलेल्या खिडकीत टाइप करायचं नाही. म्हणजे यंत्र सगळं ऐकतंय, ओळखतंय आणि कागद कोराच. मग 64 बिटचं विंडोज सर्रास झालं. त्यावर 32 बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत आणि 16 बिटचे प्रोग्राम तर सुरूच होत नाहीत. नव्वदच्या दशकातल्या कित्येक सीडींवरचा सेटअप 16 बिटचा असल्याने सॉफ्टवेअर आत शिरण्याआधीच दारावरून परत. विंडोज 10 पासून माइकचीही परवानगी लागू लागली. ओळखण्याची अक्कल जिथल्या तिथे होती. लोकांनी मात्र 'सॉफ्टवेअर बिघडलं' म्हणून खापर तिच्यावर फोडलं.

इंदूरची अडचण याहून जुनी, थेट रेमिंग्टनच्या हिंदी टाइपरायटरपासूनची. टाइपरायटरचा गाडा एकाच दिशेने सरकतो, त्यामुळे 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग 'क'. कृतिदेवने हा क्रम जसाच्या तसा उचलला, कारण टायपिस्टांची बोटं त्यालाच सरावलेली होती. युनिकोड या आजच्या मान्य व्यवस्थेत नेमकं उलट: आधी 'क', मग वेलांटी, म्हणजे उच्चाराप्रमाणे. ऐकणारं यंत्र याच बाजूचं. एक क्रम डोळ्याचा, एक जिभेचा. 1991 च्या युनिकोडमध्ये देवनागरी होती, पण विंडोजमध्ये ती आली विंडोज 2000 बरोबर, मंगल फाँट घेऊन. तोवर हिंदीत कृतिदेवने, मराठी छापखान्यांत श्रीलिपीने घर केलं होतं. 1999 मध्ये इंदुरातून 'वेबदुनिया' ही हिंदी साइट सुरू झाली, तेव्हा घरोघरच्या विंडोज 98 ला युनिकोड देवनागरी येतच नव्हती. त्या काळी अशा साइटींना अक्षरांची सोय आपापल्या फाँटने करावी लागे. कृतिदेवला 'मागास' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्याने काम सुरू ठेवलं, तेही मान्य व्यवस्था हाताशी नसताना.

आता ऐकण्याचं काम बहुतेकदा दूरच्या सर्व्हरवर होतं, त्यामुळे मशीन जुनं की नवं याने फारसं बिघडत नाही. गूगलने 2017 मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषा बोलून टाइप करण्यात आणल्या. हिंदी त्याआधीच होती. इंदूरच्या मराठी माणसाला तरीही आधी भाषा निवडावी लागते, आणि आमची वाक्यं मराठीत सुरू होऊन हिंदीत संपतात. हा गुंता कुठल्याच ड्रायव्हरने सुटणारा नाही. मजकूर तयार झाला की कन्व्हर्टर: युनिकोड टाका, कृतिदेव घ्या. चुका शोधायच्या तर आधी ऱ्हस्व वेलांटी आणि रफार तपासावेत, कारण क्रम बदलतो तो तिथेच. 'कार्यालय'मधला रफार उच्चारात आणि युनिकोडमध्ये 'य'च्या आधी येतो, कृतिदेवमध्ये 'या' उमटल्यावर.

मध्य प्रदेश सरकारच्या सीपीसीटी परीक्षेत हिंदी टायपिंग युनिकोडमध्येच होतं. उमेदवाराने कीबोर्ड निवडायचा: इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन गेल. दुसऱ्यात बोटं आधी वेलांटी मारतात, मागून 'क', आणि सॉफ्टवेअर गुपचूप त्यांची जागा बदलून घेतं.