फ्रीमेसन मंडळी : तिचे सभासद व तिच्याविषयींची लोकसमजूत

खानदेशांतील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून जीं दप्तरें खालीं येतात, त्यांत मोडी फर्दा व वतनी याद्या ह्यांच्या जोडीला इंग्रजी अमदानींतील छापील कागदही असतात. संग्राहक बहुधा पहिल्या प्रकारचे कागद ठेवून घेतो व दुसऱ्या प्रकारचे रद्दींत टाकतो. ह्या टाकाऊ ढिगांत खांबांचें चित्र, कंपास व गुण्या ह्यांची मुद्रा आणि पांच हजारांवरील सनाचा आंकडा असा कागद दृष्टीस पडल्यास तो फेंकूं नये. तो फ्रीमेसन मंडळीचा असण्याचा पुष्कळ संभव आहे. ही मंडळी कोणाची, तींत कोण जात व लोक तिला काय समजत, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

मेसन म्हणजे गवंडी. युरोपांतील पाथरवटांच्या जुन्या संघांत पुढें गवंडीकाम न करणारे सभ्य गृहस्थही शिरले. हत्यारें गेलीं आणि त्यांचीं चिन्हें उरलीं. गुण्या म्हणजे सरळ वर्तन, ओळंबा म्हणजे खरेपणा, कंपास म्हणजे मर्यादा, असे अर्थ त्यांस चिकटले. शिकाऊ, सोबती व उस्ताद अशा तीन पायऱ्या कायम राहिल्या. लंडनमधील चार लॉजांनीं २४ जून १७१७ रोजीं एकत्र येऊन मुख्य लॉज स्थापिलें, अशी परंपरा आहे. परंतु ही हकीकत प्रथम १७३८ च्या छापील नियमग्रंथांत येते, म्हणजे घटनेनंतर एकवीस वर्षांनीं. म्हणून अलीकडे कांहीं इंग्रज संशोधकांनीं १७१७ हा सन अमान्य करून १७२१ पुढें केला आहे. बखरींचे सन तपासण्याची ज्यांस संवय आहे, त्यांस ह्याचें नवल वाटणार नाहीं.

सभासदत्वाचा नियम १७२३ च्या नियमग्रंथांत स्पष्ट आहे : मनुष्य वयानें प्रौढ, जन्मानें स्वतंत्र व चांगल्या लौकिकाचा असावा. दास व स्त्रिया ह्यांस मज्जाव होता. धर्माच्या बाबतींत, सर्व मनुष्यें ज्याविषयीं एकमत आहेत तेवढाच धर्म पाळावा, असें सांगितलें होतें. हें शेवटचें कलम हिंदुस्थानांत आल्यावर मोठ्या वादास कारण झालें.

कलकत्त्यास १७३० च्या सुमारास व मुंबईस १७५८ साली लॉजें निघालीं. तीं कंपनीच्या नोकरांचीं व लष्करी अंमलदारांचीं होतीं. एतद्देशीयांस दार जवळजवळ बंद होतें. मुंबईचे पारशी गृहस्थ माणकजी खर्शेदजी ह्यांस मुंबईंत व नंतर इंग्लंडांतही प्रवेश मिळाला नाहीं. तो अखेर पॅरिस येथें मिळाला. ते परत आल्यावर हा प्रश्न पुन्हा उठला आणि जेम्स बर्न्स ह्या स्कॉटिश वैद्यानें, जो काबुलांत १८४१ साली मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचा भाऊ होय, १५ डिसेंबर १८४३ रोजीं मुंबईंत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हें लॉज एतद्देशीयांकरितां उघडलें. ह्या लॉजांत प्रथम पारशी व मुसलमान आले. पुढें विद्वान् खर्शेदजी रुस्तमजी कामा हेही ह्याच मंडळींतील एक प्रमुख झाले. शपथ ज्याची त्याच्या धर्मग्रंथावर घ्यावयाची, हा प्रघात पडल्यानें अडचण बरीचशी दूर झाली.

हिंदूंचा प्रवेश मात्र अधिक काळ अडला. अनेक देव मानणारा मनुष्य एका विश्वकर्म्यावर श्रद्धा ठेवतो असें म्हणतां येईल काय, असा आक्षेप होता. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त ह्यांनीं १८६३ साली अर्ज केला. त्यांस प्रवेश मिळाला १८७२ साली. त्यानंतर १८८४ साली त्याच नगरींत नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढील स्वामी विवेकानंद, हेही सभासद झाले. नऊ वर्षें चाललेला हा वाद म्हणजे हिंदु धर्म काय आहे, ह्याची परकीयांनीं केलेली एक परीक्षाच होती.

खानदेश इंग्रजांकडे १८१८ साली आला व त्याचें ठाणें धुळें येथें पडलें. रेल्वे आल्यावर भुसावळ हें मोठें जंक्शन झालें. १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग होऊन जळगांव व धुळें हीं त्यांचीं मुख्य ठिकाणें ठरलीं. हिंदुस्थानांत मेसन मंडळी ज्या वाटांनीं पसरली, त्या छावणी, बंदर व रेल्वे ह्या होत. अंमलदार, इंजिनिअर, डाक्तर, वकील व पारशी व्यापारी हे तिचे नेहमींचे सभासद. अशा माणसांची बदली मुंबई, पुणें किंवा नाशिकाहून इकडे झाली, म्हणजे त्यांच्या पेटींतून त्यांचें प्रमाणपत्रही इकडे येई. म्हणून असा कागद धुळ्यास सांपडला एवढ्यावरून धुळ्यास लॉज होतें, असें अनुमान करूं नये. कागदावर लॉजाचें नांव व क्रमांक असतो, तोच पुरावा मानावा.

आतां लोकांची समजूत. उत्तरेकडे लॉजाच्या इमारतीस ‘जादूघर’ म्हणत; छावण्यांच्या गांवीं ‘भूतबंगला’ हें नांव पडे. फारसी लिहिणाऱ्यांत ‘फरामोश’ हा शब्द रूढ झाला. तो मूळ फ्रेंच-इंग्रजी नांवाचा अपभ्रंश खरा, परंतु फारसींत त्याचा अर्थ ‘विस्मृत’ असा होत असल्यानें नवी व्युत्पत्ति तयार झाली : ह्या लोकांस आंत काय झालें म्हणून विचारा, ते म्हणतात, विसरलों ! अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानांत आलेल्या अब्दुल लतीफ शुस्तरी ह्या इराणी लेखकानेंही ह्या मंडळीची हकीकत दिली आहे. इराणांत १८६१ साली शहानें ‘फरामोशखान्या’वर बंदी घातली, हेंही येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

ह्या समजुती निव्वळ अडाणीपणाच्या होत्या, असें म्हणणें बरोबर नाहीं. रात्रीची बैठक, दाराशीं नागवी तरवार घेऊन उभा असलेला पहारेकरी, तिसऱ्या पायरीच्या विधींतील मृत्यूचीं चिन्हें, आणि आंत जातांना कमरेस बांधलेला एप्रन, हें सर्व बाहेरच्या चाकरमाण्यांस दिसे. त्याचा अर्थ मात्र कोणी सांगत नसे. जेथें अर्थ सांगितला जात नाहीं, तेथें लोक आपल्या पदरचा घालतात.

ह्या प्रांतीं असाच अनुभव महानुभावांचा आहे. त्यांचे मठ खानदेशांत आहेत. त्यांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत ठेवले आणि लोकांनीं त्यांच्याविषयीं वाटेल तें रचिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे व वि. ल. भावे ह्यांच्या परिश्रमानें त्या लिप्या उलगडल्या, तेव्हां आंत जारणमारण नव्हे, तर मराठी गद्याचें भांडार निघालें. दोन्हींत फरक आहे तोही सांगितला पाहिजे. महानुभाव पंथांत महदाइसेसारख्या स्त्रियांस मानाचें स्थान होतें. मेसन मंडळी निव्वळ पुरुषांची. ॲनी बेझंट १९०२ साली स्त्रीपुरुषांच्या मिश्र शाखेंत गेल्या. परंतु ती शाखा मूळ मंडळीनें कधीं मान्य केली नाहीं.

‘गुप्त मंडळी’ हा शब्द इतिहासकारानें फार जपून वापरावा, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. इंग्लंडांत १७९९ च्या कायद्यानें शपथेनें बांधलेल्या मंडळ्या बेकायदेशीर ठरल्या, परंतु मेसन लॉजांस त्यांतून सूट मिळाली. तिची अट अशी कीं, सभासदांची यादी दरसाल सरकारदप्तरीं द्यावी. हा कायदा १९६७ साली रद्द झाला. म्हणजे विधि गुप्त, सभासद उघड. आतां नाशिककडे पाहावें. तेथें १८९९ च्या अखेरीस सुरू झालेली व १९०४ पासून अभिनव भारत नांवानें चाललेली तरुणांची संस्था हीही शपथेची होती. तेथें सभासद गुप्त व हेतु स्वातंत्र्याचा. जॅक्सन ह्यांच्या १९०९ च्या वधानंतर सरकारनें तिचे सभासद वेंचून काढले. ज्या राज्यानें ही शपथ गुन्हा मानिली, त्याच राज्यांतील बादशहाचा भाऊ, ड्यूक ऑफ कॅनॉट, १९०१ पासून १९३९ पर्यंत इंग्लंडच्या मेसन मंडळीचा मुख्य होता. शपथ दोन्हीकडे होती. तिचा गुन्हा झाला कीं मान झाला, हें शपथेवर नव्हे, तर राज्यकर्त्याच्या भयावर अवलंबून राहिलें. म्हणून लॉजांत जाणारा प्रत्येक एतद्देशीय गृहस्थ सरकारधार्जिणा व बाहेर राहिलेला प्रत्येक जण देशभक्त, असा सरसकट निकाल देणें अन्यायाचें होईल.

संग्राहकांकरितां दोन खुणा सांगून लेख संपवितों. पहिली सनाची. मेसन लोक इसवी सनांत चार हजार मिळवून प्रकाशाचें वर्ष मांडतात. १८४३ चें ५८४३ होतें. कलियुगाचें वर्ष त्याच सालीं ४९४४ येईल. सबब घोंटाळा होऊं नये. दुसरी खूण सहीची. प्रमाणपत्रावर सभासदास स्वहस्तें सही करावी लागे, कारण परगांवच्या लॉजांत ती ताडून पाहात. त्यामुळें एखाद्या वकिलाची किंवा डाक्तराची खात्रीची सही दुसरीकडे मिळत नसली, तरी येथें मिळूं शकते.

स्वतंत्र भारतांत २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं ह्या मंडळीचें भारतीय मुख्य लॉज स्थापन झालें. जुन्या परकी लॉजांचे कागद मात्र कुटुंबांच्या पेट्यांत विखुरले आहेत. धुळें व जळगांवकडील संग्राहकांनीं ते इंग्रजी म्हणून टाकूं नयेत. ‘भूतबंगल्या’त खरोखर कोण बसत असत, हें त्यांवरील सह्याच सांगतील.