दार न लागणाऱ्या घरातली बंद खोली

'अमुक प्रकार इतका लोकप्रिय का झाला?' असा प्रश्न घेऊन मार्गदर्शकांकडे जाऊ नका. मी गेले होते. जपानी वाचकांना बंद खोलीतल्या खुनाचं एवढं वेड का, हा माझा विषय. याला काहीही उत्तर देता येतं, आणि तीच अडचण होती.

वाट सापडली ती सुट्टीत, घोलवडला. चिकूच्या वाडीत जुना बंगला: जाड भिंती, आतून कड्या. मागच्या पाड्यावर वारली घरं: कारवीच्या कुडाला शेणमातीचं लिंपण, आतलं बोलणं अंगणात ऐकू येतं. बंगल्यात बंद खोलीचा खून सहज रचता येईल. पाड्यावर मात्र लेखकाची पंचाईत!

जपान्यांची पंचाईत हीच होती. एडगर अ‍ॅलन पो यांनी १८४१ मध्ये पॅरिसमधल्या घरात असा खून घडवला, पण तिथे दारं भक्कम. जपानी घरात सरकती कागदी दारं. तिथे ही कथा जमायची नाही, असं बोललं जाई. एदोगावा रांपो (टोपणनाव पोवरूनच, भरभर म्हणून बघा) यांनी १९२५ मध्ये याला कथेतूनच उत्तर दिलं. पुस्तकाच्या दुकानात खून होतो. दोघांना जाळीच्या दारातून एक माणूस दिसतो. एक म्हणतो कपडे काळे, दुसरा म्हणतो पांढरे. म्हणजे ज्या उघडेपणाची अडचण होती, त्याचंच कोडं झालं. मला ही चाल फार आवडते.

युद्धकाळात रहस्यकथेची गळचेपी झाली. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, सेइशी योकोमिझो यांची 'होन्जिन सात्सुजिन जिकेन' आली. खेड्यातलं जुनं घराणं, लग्नाची रात्र, बाहेर बर्फ. बर्फात तलवार रोवलेली, पण पळून गेलेल्या खुन्याच्या पावलांचे ठसे नाहीत. कुलपाचं काम बर्फाने केलं.

आता प्रश्न बदलला ना? 'का आवडतं' ऐवजी 'घर बंद कसं केलं' असं विचारता येतं, आणि त्याचा पुरावा कथेच्या पानांवर सापडतो.

मग मराठीचं काय? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाडमध्ये मला वेषांतर नि पाठलागाचीच ओढ जास्त दिसते. चाळीत, वाड्यात दिवसभर दार उघडं असतं, म्हणून तर नसेल? हा नुसता अंदाज आहे, चुकीचा ठरू शकतो. म्हणून सध्या पानं सुटलेल्या जुन्या प्रतींमध्ये मी एकच गोष्ट मोजतेय: आतून कडी लावलेली दारं.