कमी पाण्यात कलिंगड: कलमी रोपे आणि ठिबक अनुदान

कलमी रोप म्हणजे काय?
दुधी भोपळ्याच्या खुंटावर बांधलेले कलिंगडाचे कलम. खुंटाची जोमदार मुळे पाणी चांगले शोषतात. मर रोगाचा धोकाही कमी होतो. लावताना कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवा, खुंटाचे फुटवे काढा.

अनुदान किती?
‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत ठिबक संचाच्या निर्धारित खर्चावर अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के. मर्यादा ५ हेक्टर. रोपांचा खर्च वेगळा धरा.

अर्ज कुठे कराल?
दिल्ली-एनसीआरमधील हरियाणाच्या जिल्ह्यांत शेती असल्यास तेथील संबंधित विभागाकडे चौकशी करा. कर्नालजवळ घरौंडा येथे भारत-इस्रायल भाजीपाला उत्कृष्टता केंद्र आहे. महाराष्ट्रात शेती असल्यास महाडीबीटीवर अर्ज करा. पूर्वसंमती मिळण्याआधी संच खरेदी करू नका. अनुदान हातचे जाईल.