हवाई अंतर व उड्डाणकाळ : चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे

दोन ठिकाणांना भूपृष्ठावरून जोडणाऱ्या सर्वांत आखूड रेषेची लांबी म्हणजे त्यांच्यातील हवाई अंतर. चंद्रपूर ते गडचिरोली हे अंतर सुमारे ७७ किमी. भरते. मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगेच्या पुलावरून जाणारा रस्ता त्याहून फारसा लांब नाही. या दोन शहरांदरम्यान प्रवासी विमानसेवा नाही आणि तिची गरजही नाही. दोन्ही जिल्ह्यांना जवळचा मोठा विमानतळ नागपूरचा. नागपूरहून चंद्रपूर सुमारे १३५, तर गडचिरोली सुमारे १४० किमी. हवाई अंतरावर आहे. चंद्रपूरजवळ मोरवा येथे धावपट्टी आहे, पण तेथून नियमित प्रवासी सेवा नाही. राजुऱ्याकडील मूर्ती-विहीरगाव परिसरात नवा विमानतळ उभारण्याचा प्रस्ताव आहे.

हवाई अंतराचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो गडचिरोलीच्या दक्षिणेस. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा उत्तर-दक्षिण लांबट आहे. गडचिरोली आणि प्राणहिता-गोदावरी संगमावरचे सिरोंचा ही गावे जवळपास एकाच, ८० अंश पूर्व रेखावृत्तावर येतात. त्यामुळे त्यांच्यातील अंतर शाळकरी मुलालाही काढता येते : अक्षांशांतील फरक सुमारे १.३३ अंश, एका अंशाचे साधारण १११ किमी., म्हणजे १४८ किमी. रस्त्याने मात्र २०० किमी.हून अधिक जावे लागते. याच जिल्ह्यातील भामरागडच्या बाबतीत तफावत आणखी वाढते. हवाई अंतर सुमारे १०५ किमी., तर चामोर्शी, आष्टी, आलापल्लीवरून जाणारा रस्ता त्याच्या दीडपटीहून लांब. मधल्या जंगलाला, डोंगरांना आणि नद्यांना वळसा घातल्याशिवाय तेथे पोचता येत नाही.

या भागात उड्डाणकाळ मोजायचा तो हेलिकॉप्टरचा. हवाई दलाचे एमआय-१७ ताशी सुमारे २३० किमी. वेगाने गेले, तर गडचिरोलीहून भामरागड अर्ध्या तासात आणि सिरोंचा पाऊण तासाच्या आत येते; चढ-उतारीची मिनिटे वेगळी. निवडणुकीत हा हिशेब प्रत्यक्ष वापरात येतो. १९ एप्रिल २०२४ रोजी गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात मतदान झाले, तेव्हा दुर्गम केंद्रांवरच्या पोलिंग पार्ट्या मतदानयंत्रांसह हेलिकॉप्टरने आधीच रवाना झाल्या होत्या. हेलिकॉप्टर उतरते त्या तळापासून पुढे अनेक पथकांना पायी जावे लागते. ती पायपीट उड्डाणकाळात धरली जात नाही, पण मतदान अधिकाऱ्याचा दिवस बहुधा तीच खाते.

जखमी जवान आणि अडलेल्या गरोदर बाया यांच्यासाठीही हेलिकॉप्टर धावले आहे. तेथे वाचलेले तास थेट जिवाशी निगडित असतात, म्हणून हवाई अंतराचा या जिल्ह्यातला सर्वांत मोलाचा उपयोग हाच मानायला हवा. पावसाळ्यात मात्र हा आधारही डळमळतो. हेमलकसा हे गाव ओलांडून भामरागडात शिरताना पर्लकोटा नदी लागते. तिला पूर आला की जुन्या ठेंगण्या पुलावरून पाणी जाते आणि तालुक्याच्या ठिकाणाचाच संपर्क तुटतो. नेमक्या त्याच दिवसांत ढग खाली उतरलेले असतात, समोरचे दिसत नाही आणि उड्डाण रोखून धरावे लागते. रस्ता आणि आकाश दोन्ही एकदम बंद होण्याची शक्यता धरूनच येथील पावसाळी तयारी केली जाते. संपर्क तुटणाऱ्या गावांसाठी रेशनचे धान्य पाऊस लागण्याआधीच पुढच्या काही महिन्यांपुरते पोचवले जाते.